उरलेली 360 पावलं

रात्रीचे पावणेअकरा. आमची अंथरुणं घालून झालीत आणि बाबा हॉलमध्ये टीपॉयभोवती फिरतायत. "अहो, झोपा आता," आई म्हणाली, तर उत्तर आलं, "360 राहिलीत." मनगटावरचं ते घड्याळ दिवाळीत मीच घेऊन दिलं, त्यामुळे मला बोलायला तोंड नाही. आईला आहे. "फेऱ्याच घालायच्या तर खालच्या पिंपळाला घाला, पुण्य तरी पदरात पडेल."

रोज दहा हजार पावलं, हे कुठल्याशा मोठ्या डॉक्टरांनी ठरवलंय अशी बाबांची पक्की समजूत. खरी गोष्ट अशी की टोकियो ऑलिम्पिकच्या पुढच्या वर्षी, 1965 साली, यामासा नावाच्या जपानी कंपनीनं कमरेला अडकवायचं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा गोल, लक्षात राहणारा. विकायला आणखी काय लागतं! वर 2019 साली अमेरिकेतल्या वयस्कर बायकांचा अभ्यास झाला, त्यात साधारण 7500 पावलांच्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. हे सगळं मी बाबांना समजावलं. "त्या बायका होत्या," ते म्हणाले, आणि मी बोलत होते तेवढ्यात त्यांची 140 झाली.

गंमत म्हणजे घड्याळाला पाय दिसतच नाहीत. ते बसतं मनगटावर, हात लयीत हलला की आतला सेन्सर त्याला पाऊल म्हणतो. एका सकाळी आईनं हौसेनं ते घातलं आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या पोळ्या केल्या. कणीक मळण्यापासून शेवटच्या पोळीपर्यंत 200च्या वर पावलं! आयुष्यभर लाटलेल्या पोळ्यांचा हिशेब मांडला तर ती एव्हाना काशीला जाऊन आली असती. बाबांचा चेहरा मात्र पडला. आपण घाम गाळून कमावतो ते हिला घरबसल्या मिळतं, हे त्यांना काही रुचलं नाही.

झोपेचं तर बोलूच नका. परवा मी मस्त ताजीतवानी उठले आणि घड्याळ म्हणालं, झोपेला शंभरपैकी 62. (हो, आता माझ्याही हातात एक आहे.) संपलं. दुपारपर्यंत मी जांभया देत होते. झोपेच्या आकड्यांची काळजी करून करून झोप उडते, त्याला अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2017 मध्ये 'ऑर्थोसोम्निया' असं भारदस्त नाव दिलंय. आजी असती तर म्हणाली असती, नसती थेरं.

पण मोजायला तीही काही कमी नव्हती. चातुर्मासात लक्ष वाती करायची. दुपारी भिंतीला टेकून, कापूस पिंजून, बोटाला राखेचं बोट लावून वळत बसायची. शंभर झाल्या की शेजारच्या डब्यात एक चिंचोका. असे हजार चिंचोके जमले की लाख पुरे. एकदा मी सागरगोट्यांसारखे खेळायला त्यातले मूठभर पळवले. रागावली नाही. डबा उचलून फडताळात वर ठेवला आणि त्या दिवशी दिवेलागण झाली तरी वळत होती. किती चिंचोके गेले हे तिनं मला विचारलंही नाही. स्वतःच काहीतरी अंदाज धरला असणार, आणि तोही वरचढ.

बाबांचा अंदाज कधीच वरचढ नसतो. शनिवारी ते मंडईतून घामाघूम होऊन परतले आणि घड्याळाकडे बघून दारातच थबकले. येतानाचा अख्खा रस्ता जवळजवळ गायब! मग लक्षात आलं, डाव्या हातात कांदे-बटाट्यांची पिशवी होती. हात झुलला नाही, म्हणजे माणूस चाललाच नाही. तेव्हापासून दोन्ही पिशव्या उजव्या हातात आणि डावा हात परेडला निघाल्यासारखा मोकळा.

व्हायचं तेच झालं. काल रात्री उजवा खांदा धरून बसले होते. आई बडबडत बामची बाटली घेऊन आली आणि चोळायला लागली. बाबांनी डोळे मिटले, क्षणभर थांबले, मग मनगटावरचं घड्याळ सोडून हळूच तिच्या हातात बांधलं.

"चोळ, चोळ," म्हणाले, "अजून 90 राहिलीत."