जुवाचा मधला नाडा

कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात खांदेसुजीचे बैल यायला लागतात. बहुतेक बैल ऊसतोड मजुरांचे, टायरगाडीचे. पाटोदा, शिरूर कासार, आष्टीकडून ही माणसं कोल्हापूर-सांगलीकडे येतात आणि चार-पाच महिने कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, काढतात. बैल दवाखान्यात आणायचा म्हणजे एक खेप बुडते, म्हणून बहुतेक वेळा आम्हीच त्यांच्या मुक्कामाच्या अड्ड्यावर जातो.

त्या दिवशी दाखवलेला बैल लाल कंधारी होता. वयानं उतरलेला, पण चालीनं नमुनेदार. मानेवर, जू बसतं नेमकं तिथं, नारळाएवढी गाठ. बोट लावलं तर गरम, मधोमध लिबलिबीत. सुई घातली, पू आला. म्हणजे एका परीनं बरंच. गाठ जुनी होऊन दगडासारखी घट्ट झाली असती तर भूल देऊन कापून काढावी लागली असती. केस भादरले, चीर खालच्या अंगाला दिली म्हणजे निचरा राहतो, धुवून आयोडीनची पट्टी भरली. माश्या बसू नयेत म्हणून भोवती मलम. बैलानं फक्त एकदा कान हलवला.

मग मालक म्हणाले, "डाक्टरसायब, मागल्या साली बी हितंच आलं व्हतं. ह्यालाच. जोडीच्याला काय बी नाय."

जोडीचा डावीकडचा. खिलार खोंड, त्याच वर्षी बाजारातून घेतलेला, खांदा अगदी स्वच्छ. गाडी एक, रस्ता एक, ऊस तोच, आणि गाठ दर साली उजव्यालाच? मी म्हटलं, "मामा, जू दाखवा."

जू बाभळीचं, वापरून गुळगुळीत झालेलं. कुठं कंगोरा नाही, खिळा वर आलेला नाही, शिवळा (जुवाच्या टोकाच्या खुंट्या) सरळ. पण गाडीच्या दांडीला जू आवळणारा नाडा मधोमध वाटेना. मालकीणबाईंकडून चोळीचं माप घ्यायची टेप मागून घेतली. नाड्यापासून डाव्या बैलाच्या मानेच्या जागेपर्यंत ६० सेंटिमीटर, उजव्याच्या ५०. जू म्हणजे तराजूची दांडी. ज्या बाजूची दांडी आखूड, तिकडं ओझं जास्त. या मापानं शंभर किलोतले जवळपास ५५ उजव्याच्या मानेवर आणि ४५ डाव्याच्या. हे नुसत्या वजनाचंच नाही, ओढीचंही तसंच. त्यात उसाच्या मोळ्या पुढच्या अंगाला जास्त रचल्या की सगळा दाब धुरेवर, म्हणजे गाडीच्या जुवाकडच्या टोकावर, येतो, आणि दिवसभर कातडी तिथंच घासते.

"नाडा सरकलाय मामा."

"सरकला नाय, म्याच सरकवलाय. पयला जोडीदार म्हातारा झाला व्हता, त्याला हलकं जावं म्हून मागल्या सालीच केलं. आता तर हे लेकरूच हाय. कंधारी जाणता हाय, तो सोसतो."

ही युक्ती जुनीच आहे आणि चुकीची नाही. औताला नवा खोंड जुंपला की जाणते शेतकरी असंच करतात. पण औताला बैल सकाळी धरून उन्हं चढली की सोडतात. इथं पहाटे उसाचा फड, मग डांबरी रस्ता, मग कारखान्याच्या वजनकाट्यापुढची रांग. केंद्र सरकारचे १९६५ चे नियम सांगतात की ओढकामाच्या जनावराला दिवसात ९ तासांवर आणि सलग ५ तासांवर राबवू नये. नियम मला तोंडपाठ आहेत. अड्ड्यावर ते कोणाला ऐकवायचे, हा प्रश्न मी सोडून दिलाय.

"तीन-चार आठवडे याच्या मानेवर लाकूड नको."

कोणी काही बोललं नाही. मजूर आणणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, खाडा पडला की तो त्यातच चढणार. शेवटी मालकीणबाई म्हणाल्या, "मुकादमाचा रिकामा बैल हाय की एक. भाडं मांडू दे खात्यावर. हा मेला तर काय फिटनार हाय उचल?" मालक मान खाली घालून दावं सोडवत राहिले. त्या घरचा हिशेब कोण ठेवतं ते मला तेव्हा कळलं.

नाडा मधोमध आणून बांधायला लावला. जुवाखाली गोणपाटाची गादी करतात तसली करू नका म्हणून बजावलं. ओली झाली की ती कातडी आणखी सोलते.

जखम भरून कंधारी पुन्हा जुंपला गेला, त्यानंतर त्या अड्ड्यावर गेलो. आधी जू पाहिलं. नाडा बोटभर उजवीकडं सरकलेला. मी काही विचारायच्या आत मालक म्हणाले, "खोंड मागं पडतंय सायब, जू तिरपं व्हतंय. येवढं ऱ्हाऊ द्या."

जू तिरपं झालं तरी मान सोलतेच, हे त्यांचं म्हणणं खरं होतं. मान चाचपली, थंड होती. टेप लावली. म्हटलं, "एवढं चालेल. याच्या पुढं सरकवू नका, आणि मोळ्या थोड्या मागं रचा."