दवाखान्यातला फळा

आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बाहेर बसायच्या खोलीत एक फळा आहे. खडूचा नाही, तो टाचण्या टोचायचा मऊ बोर्ड असतो ना, तो. सिस्टर त्याच्यावर दर थोड्या दिवसांनी काहीतरी लावत असतात, दवाखाना कधी बंद, लस कधी आली, रिपोर्ट फोनवर किती वाजता विचारायचे, असलं सगळं. मी वर्षानुवर्षं त्याच्यासमोर बसलोय आणि खरं सांगतो एक ओळ वाचली नव्हती, हातात मोबाईल असताना कोण वाचतंय. पण मागच्या खेपेला बॅटरी गेली आणि माझा नंबर अकरावा होता, मग काय करणार.

आणि वाचलं तर पहिलाच कागद माझ्याबद्दल! म्हणजे नाव नव्हतं, पण माझ्याबद्दलच होता.

त्यासाठी आठवडाभर मागे जावं लागेल. ऑफिसला फिटनेसचं सर्टिफिकेट हवं होतं म्हणून मी घाईघाईत गेलो होतो, उशीर झालेला, जिना दोन-दोन पायऱ्या करत चढलो, त्याच्या आधी कॉफी ढोसलेली, लघवीला लागली होती पण म्हणलं आता गेलो तर नंबर जायचा, आणि तेवढ्यात नाव पुकारलं. एक नवीन मुलगी होती, गर्दी भयंकर, तिने शर्टाच्या बाहीवरूनच बीपीचा पट्टा गुंडाळला. मी पायावर पाय टाकून बसलेलो, पाठ कुठे टेकलेली नाही, हात खाली लोंबतोय आणि दुसऱ्या हाताने फोनवर बायकोशी बोलतोय. मशीन म्हणालं १५८/९६.

धाबं दणाणलं माझं. रात्री दोन वाजेपर्यंत गूगल. किडनी, डोळे, स्ट्रोक, सगळं वाचून काढलं आणि वाचता वाचता बीपी अजून वाढलं असणार. डॉक्टरांनी फक्त एवढंच सांगितलं होतं की एका आकड्यावर काही ठरत नाही, आठवड्याने शांतपणे या, पण घाबरलेल्या माणसाला आकडा ऐकू येतो, पुढचं वाक्य नाही.

तर फळ्यावरचा कागद. मोजायच्या आधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नको. दंड उघडा, पट्टा कातडीवर, हात टेबलावर ठेवलेला म्हणजे पट्टा साधारण हृदयाच्या पातळीला येतो. मशीन चालू असताना बोलू नका. वाचता वाचता मी मनात खुणा करत गेलो आणि एकही गोष्ट अशी सापडली नाही जी मी बरोबर केली होती. परीक्षेत शून्य मार्क पडावेत तसं.

नंतर वाचलं की ह्यातली जवळजवळ प्रत्येक चूक आकडा वरच ढकलते, बोलण्याने वाढतो, हात खाली लोंबकळला तरी वाढतो, पट्टा दंडाच्या मानाने लहान असला तरी वाढतो (दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही), आणि सगळ्या चुका एकदम केल्या की माझ्यासारखं होतं.

त्या दिवशी सिस्टरनी नीट बसवलं. मी सवयीने काहीतरी बोलायला गेलो तर म्हणाल्या, "काका, बोलू नका." काका! पहिल्यांदाच कोणीतरी म्हणालं, त्याने पाच पॉइंट वाढलेच असतील. पहिलं रीडिंग १३६/८६, दोन मिनिटांनी परत घेतलं तर १३०/८२. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आता घरी मोजा. सात दिवस, सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, सगळं लिहून आणा, पहिल्या दिवसाचे आकडे आपण सोडून देऊ." पहिला दिवस का सोडायचा विचारलं तर म्हणाल्या नव्या मशीनचं कौतुक आणि भीती दोन्ही पहिल्या दिवशी जास्त असते. आणि मशीन दंडावर लावायचं घ्या, मनगटाचं नको.

अजून एक गोष्ट मला माहीत नव्हती. दवाखान्यात साधारण १४०/९० च्या पुढे गेलं की जास्त धरतात, पण घरच्या सरासरीला ती रेघ १३५/८५ वर आहे, कारण घरी माणूस निवांत असतो. डॉक्टर समोर दिसले की काहींचं बीपी चढतं, आणि ह्याच्या उलटही असतं, दवाखान्यात अगदी छान आणि घरी-ऑफिसात चढलेलं, ते दुसरं जास्त फसवं कारण कोणाला पत्ताच लागत नाही. माझी सरासरी १२७/८१ आली. गोळी नाही, पण दर सहा महिन्यांनी बघायचं आणि वजन उतरवायचं (ह्या विषयावर वेगळी पोस्ट लिहिणार नाही, मागू नका).

आता मला खूळ लागलं की हे मशीन आलं कुठून. पट्टा फुगवून दंडातली नाडी दाबायची आणि पाऱ्याच्या नळीत किती मिलिमीटर चढलं ते बघायचं ही युक्ती १८९६ ची, रिवा-रोची नावाच्या इटालियन डॉक्टरची. पण त्याला फक्त वरचं बीपी कळायचं, कारण तो मनगटावर नाडी चाचपून बघायचा. मग १९०५ मध्ये कोरोत्कोफ नावाच्या रशियन सर्जनने पट्ट्याच्या खाली स्टेथोस्कोप लावला आणि हवा सोडताना ठकठक ऐकली. ती सुरू होते ते वरचं, बंद होते ते खालचं. इतकं साधं. पारा आता बहुतेक ठिकाणी गेला, विषारी म्हणून, पण बीपी आपण अजून पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच सांगतो.

बरं, फळ्यावरचा दुसरा कागद खोकल्याचा. ह्याच्यावरून आमच्या घरी भांडण झालंय म्हणून जरा लांबण लावतो. कागदावर लिहिलं होतं की साधी सर्दी आठ-दहा दिवस चालते, घसा आठवडाभर, आणि खोकला तीन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. तीन आठवडे! आपण चौथ्या-पाचव्या दिवशी वैतागून जातो, अँटिबायोटिक द्या म्हणून हटून बसतो, सातव्या दिवशी आपोआप उतार पडतो आणि श्रेय गोळीला. पुढच्या वेळी परत तीच गोळी, ह्या वेळी तर विचारायलाही जात नाही, ड्रॉवरमधल्या उरलेल्या चार असतातच. आमच्या आईचं असंच आहे. तिचं म्हणणं कफ हिरवा झाला म्हणजे इन्फेक्शन, म्हणजे अँटिबायोटिक पाहिजेच. मी मॅडमना मुद्दाम विचारलं. तर तो हिरवा रंग जंतूंचा नसतोच मुळी, आपल्याच पांढऱ्या पेशी तिथे लढायला येतात आणि त्यांच्यात एक हिरवट एन्झाइम असतं, त्याचा तो रंग. व्हायरसच्या सर्दीतही तसाच येतो. नुसत्या रंगावरून ठरत नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, "तू काय डॉक्टर झालास का?" विषय संपला.

पेनिसिलिन हे अँटिबायोटिक फ्लेमिंग नावाच्या शास्त्रज्ञाला सापडलं १९२८ ला, आणि १९४५ ला नोबेल घेताना त्यानेच भाषणात सांगितलं होतं की लोक हे स्वतःच्या मनाने कमी प्रमाणात घेतील आणि जंतू त्याला सरावतील. म्हणजे औषध नवंकोरं होतं तेव्हाच हा ड्रॉवर त्याला दिसत होता.

अर्थात घरी बसून राहा असंही कागदावर नव्हतं. खाली लाल पेनाने लिहिलेलं: धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, खोकल्यातून रक्त आलं, वजन उतरतंय, रात्री घाम फुटतो, तीन आठवडे उलटले, किंवा घरात तान्हं बाळ किंवा म्हातारं माणूस आजारी आहे, तर थांबू नका, या. हे मात्र तंतोतंत पाळा.

फ्लूच्या लसीचा कागद मला सगळ्यात आवडला कारण त्यात बातमी होती. "ह्या वेळची लस चारऐवजी तीन प्रकारांची आहे, कमी प्रतीची नाही." मी म्हणलं हे काय, काटकसर? तर फ्लूच्या व्हायरसचा एक अख्खा फाटा, बी यामागाता नावाचा, मार्च २०२० नंतर जगात कुठेच खात्रीने सापडलेला नाही! कोव्हिडमध्ये आपण घरात कोंडून होतो, मास्क लावून होतो, त्यात तो बहुतेक संपलाच, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की आता तो लसीत घालायची गरज नाही. लसीत कुठले प्रकार घालायचे हे ते वर्षातून दोनदा सांगतात, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिणेसाठी सप्टेंबरात, कारण लस बनवायलाच सहाएक महिने लागतात. लसीनेच फ्लू होतो म्हणणाऱ्यांसाठी: इंजेक्शनमधला व्हायरस मेलेला असतो नाहीतर त्याचे नुसते तुकडे असतात, त्याने फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखतो, एखाद दिवस कसकस वाटते. आणि असर यायला दोनेक आठवडे लागतात, तेवढ्यात कुणाकडून लागण झाली तर खापर लसीवर फुटतं.

पॅरासिटामॉलचाही एक छोटा कागद होता, पटकन सांगतो. तापाची गोळी घेता आणि वरून सर्दीची गोळी घेता, दोन्हीत पॅरासिटामॉल असू शकतं, नावं वेगळी म्हणून कळत नाही. मोठ्या माणसाला चोवीस तासांत ४ ग्रॅम म्हणजे ५०० च्या आठ गोळ्या ही कमाल, लिव्हरचा त्रास असेल किंवा वजन कमी असेल तर त्याहून कमी. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा, चष्मा लावून.

आणि शेवटचा, पिवळा पडलेला, "मुख्य त्रास आधी सांगा." ह्याला मी हसलो आणि मग हसू गेलं. कारण बाबा. बाबा दहा मिनिटं गुडघ्याबद्दल बोलले होते, उठले, दारापर्यंत गेले, कडीला हात लावला आणि मागे वळून म्हणाले, "हां, आणि जिना चढताना छातीत जरा जड होतं, पण ते काय वयाचं." मॅडमनी परत बसवलं, लगेच ईसीजी. बाबा आता ठीक आहेत, पण तो पाय दाराबाहेर पडला असता तर, हे आम्ही घरात कोणी मोठ्याने बोलत नाही.

परवा रिपोर्ट आणायला गेलो तर सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही फळा वाचता ना, अक्षर बरं आहे का तुमचं?" खोकल्याचा कागद भिजून फाटला होता. मी तिथेच बसून नवीन लिहून दिला, मोठ्या अक्षरात, तीन आठवडे खाली दोन रेघा. टाचण्या टोचून खाली बसलो तर शेजारचे गृहस्थ उठले, चष्मा वर करून अख्खा कागद वाचला, खोकले आणि मला विचारतात, "म्हणजे मग आज गोळ्या देणार नाहीत का?"