बिबट्याला यमक नाही

रविवारी जेवण झाल्यावर जरा आडवा झालो होतो, तोच ताईची मुलगी, वय वर्षं चार, पोटावर येऊन बसली आणि हातात तेच पुस्तक, ग्रफॅलो. सकाळपासून तिसऱ्यांदा. मी आपला डोळे मिटूनच म्हणतोय, पाठ झालंय आता, मधे एक पान गुपचूप गाळलं तर लगेच, "मामा, घुबड राहिलं." ही पोरं ऑडिटला पाठवायला हवीत.

उंदीर कोल्ह्याला, घुबडाला, सापाला ग्रफॅलो नावाच्या एका भयंकर जनावराची थाप मारून घाबरवतो आणि मग ते जनावर खरंच समोर येतं, एवढंच. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर विषारी चामखीळ आहे, भाची दरवेळी तिच्यावर बोट दाबते, दाबून दाबून तिथला कागद मऊ पडलाय आणि मागच्या बाजूला फुगवटा आलाय. वाचून झालं की माझ्या नाकाची तपासणी.

गंमत म्हणजे मुळात तिथे ग्रफॅलो नव्हताच. ज्युलिया डोनाल्डसन बाईंनी एक चिनी लोककथा घेतली होती, त्यात वाघ होता, पण इंग्रजीत टायगरला पुरेशी यमकंच मिळेनात, मग त्यांनी सरळ नवं जनावर जन्माला घातलं, 1999 मधे पुस्तक आलं. यमकापायी वाघाचा पत्ता कट! हे कळल्यापासून मला चैन नाही, कारण मराठीत वाघाला काय तोटा? राग, माग, नाग, बाग, जाग. ग आणि घ चालवून घ्यायचं, चार वर्षांचं पोर काय वृत्त तपासतंय. अगदी हट्टच असेल तर माघ आहे, पण माघातला वाघ घेऊन करायचं काय.

पण आमच्या ठाण्यात वाघ कुठाय? वर्तकनगरच्या मागे येऊरचं जंगल, तिथे बिबट्या. आणि बिबट्याला यमक नाही. अर्धी दुपार गेली माझी. चपट्या, खरकट्या... शेवटी "आला आला बिबट्या, चाटून गेला वाट्या" इथवर पोचलो, भाचीने विचारलं कसल्या वाट्या, आमटीच्या का, आणि माझा उत्साहच संपला.

आजी बिबट्या म्हणायचीच नाही. बिबळ्या म्हणायची. संध्याकाळी गल्लीतली कुत्री एकदम गप्प झाली की ती स्वयंपाकघराची खिडकी ओढून घ्यायची, कडी नीट बसायची नाही म्हणून लाटणं अडकवायची, आणि परत माझ्यापुढे बसून वरणभाताचे घास करायला लागायची, प्रत्येक घासाला अंगठ्याने खळगा, खळग्यात तूप. जेवला नाहीस तर बिबळ्या येईल असं ती कधीच म्हणाली नाही. म्हणायची, "आटप, त्याचं जेवण व्हायचंय अजून." मग मी शेवटचा एक घास ताटात त्याच्यासाठी ठेवायचो, सकाळी तो नसायचा, आणि मला त्यात काही विशेषही वाटायचं नाही.

आणि बघा ना, बिबळ्याला हवी तेवढी यमकं. कावळ्या, बावळ्या, सगळ्या, वेगळ्या, पाकळ्या. आजी होती तेव्हा सुचलं असतं तर.

भाचीला म्हटलं, पुस्तकातलं जाऊ दे, आपल्या ठाण्यात खराखुरा आला होता, 2019 च्या फेब्रुवारीत, चक्क मॉलमधे, सीसीटीव्हीत दिसला आणि मग जवळच्याच एका हॉटेलच्या आवारात पकडला त्याला. तिने माझ्याकडे दयेने बघितलं. "मॉलमधे बिबट्या नसतो मामा. मॉलमधे सरकता जिना असतो." ग्रफॅलो मात्र असतो. त्याबद्दल वाद नाही.

चौथ्यांदा वाचताना ती झोपली, घुबडाच्याच पानावर. खाली कुत्री कधीची भुंकत होती, ती मधेच थांबली. मी भाचीला अलगद बाजूला ठेवलं आणि उठून खिडकी लावून घेतली. आता स्लायडिंगची आहे, लाटणं लागत नाही.