एकाच नावाचे दोन पत्ते

आमच्याकडचा जुना एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे मायक्रोसॉफ्टची डेटाबेस प्रणाली चालवणारे यंत्र, निवृत्त करून त्यावरचे डेटाबेस नव्या यंत्रावर हलवण्याचे काम सुट्टीच्या दोन दिवसांत ठरल्याप्रमाणे पार पडले होते. बॅकअप नव्या सर्व्हरवर रिस्टोअर झाले, डीएनएसमधली (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतली) नोंद बदलून जुन्याच नावाला नवा आयपी पत्ता दिला गेला आणि जुने यंत्र बंद करून ठेवण्यात आले. नाव तेच राहणार असल्यामुळे ॲप्लिकेशनच्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (डेटाबेसशी कुठे आणि कसे जोडायचे हे सांगणाऱ्या ओळीत) एका अक्षराचाही बदल करावा लागणार नव्हता, आणि योजनेचा सगळा भर त्यावरच होता. चाचणीच्या यंत्रावरून, चाचणीच्या लॉगिनने, रविवारी सगळे सुरळीत चालले होते. सोमवारी सकाळी मात्र मुख्य ॲप्लिकेशन उघडेना.

पडद्यावर येणारी एरर या कामातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असते: ‘अ नेटवर्क-रिलेटेड ऑर इन्स्टन्स-स्पेसिफिक एरर ऑकर्ड व्हाइल एस्टॅब्लिशिंग अ कनेक्शन टू एसक्यूएल सर्व्हर’, म्हणजे सर्व्हरशी जोडताना नेटवर्कची किंवा इन्स्टन्सची (सर्व्हरच्या एका स्वतंत्र चालत्या प्रतीची) अडचण आली. सर्व्हर बंद आहे, नाव चुकले आहे, फायरवॉल आडवी आली आहे किंवा टीसीपी हा नेटवर्कवरून जोडण्याचा प्रोटोकॉलच सुरू केलेला नाही, यांपैकी काहीही झाले तरी सुरुवात याच वाक्याने होते. त्यामुळे हे वाक्य वाचून निदान करता येत नाही, आणि तरीही बैठकीत सर्वांत जास्त वेळा तेच वाचून दाखवले जाते.

ॲप्लिकेशन विभागाचे प्रमुख माझ्या टेबलापाशी आले तेव्हा त्यांच्याकडे त्याहून अवघड माहिती होती. ‘मॅडम, ज्या सर्व्हरवर ॲप्लिकेशन चालते त्याच सर्व्हरवर मॅनेजमेंट स्टुडिओ उघडला, तेच नाव टाकले, ॲप्लिकेशनचाच लॉगिन आणि पासवर्ड दिला, तर क्षणात कनेक्ट होते आहे. मग अडचण नेमकी कुठे आहे, तुम्हीच सांगा.’ एकच यंत्र, एकच नाव, एकच लॉगिन. मॅनेजमेंट स्टुडिओ हे डेटाबेस हाताळण्याचे साधन जोडले जाते आणि प्रोग्रॅम जोडला जात नाही. या विधानाचा अर्थ दोन्ही बाजू आपापल्या सोयीने लावत होत्या. आमचे डेटाबेस विभागाचे लोक म्हणत होते की डेटाबेस उत्तम चालू आहे, दोष ॲप्लिकेशनचा. आणि ॲप्लिकेशनवाले म्हणत होते की शुक्रवारपासून आम्ही कोडला हात लावलेला नाही, बदल तुमच्याकडे झाला.

अशा वेळी मी सर्वप्रथम नव्या सर्व्हरची ‘एररलॉग’ नावाची फाइल उघडते, कारण क्लायंट, म्हणजे जोडू पाहणारा प्रोग्रॅम, काय म्हणतो यापेक्षा सर्व्हरला काय ऐकू आले हे मला आधी हवे असते. फसलेल्या लॉगिनची नोंद एसक्यूएल सर्व्हर मूळ सेटिंगप्रमाणे या फाइलमध्ये करतोच. त्या सकाळी ॲप्लिकेशनने शेकडो वेळा प्रयत्न केले होते, पण एररलॉगमध्ये त्यांची एकही ओळ नव्हती. लॉगिन नाकारले गेले नव्हते. विनंती सर्व्हरच्या दारापर्यंत आलेलीच नव्हती. एवढ्यावरून पासवर्ड, परवानग्या, डेटाबेसची अवस्था हे सारे मुद्दे तात्पुरते बाजूला ठेवता आले, आणि ती मोठीच सोय होती.

नेटवर्क विभागाने तोवर आपली बाजू तपासून ठेवली होती. ॲप्लिकेशनच्या सर्व्हरवरून त्या नावाला पिंग (यंत्र उत्तर देते का याची चाचणी) केले की नव्या आयपीवरून उत्तर येत होते, डीएनएसला विचारणारे एनएसलुकअप नवाच आयपी दाखवत होते आणि पॉवरशेलमधल्या टेस्ट-नेटकनेक्शनने एसक्यूएल सर्व्हरचा नेहमीचा 1433 हा पोर्ट (जोडणीचे क्रमांकित दार) उघडा असल्याचे सांगितले होते. तिन्ही चाचण्या बरोबर होत्या. त्या तिन्ही नावाचा पत्ता डीएनएसकडून घेतात, आणि डेटाबेसचा क्लायंट डीएनएसला विचारण्याआधी आणखी एका जागी पाहतो, ही गोष्ट मात्र त्या क्षणी कोणाच्याच डोक्यात नव्हती.

मध्येच एका सहकाऱ्याने स्वतःच्या टेबलावरून कनेक्ट करून पाहिले तर त्याला तिसरीच एरर आली: सर्व्हरची ओळख पटवणारे सर्टिफिकेट विश्वासार्ह नसलेल्या संस्थेने दिलेले आहे, अशा आशयाची. पाच-दहा मिनिटे सगळे तिच्यामागे लागले. त्याच्याकडे मॅनेजमेंट स्टुडिओची 20 ही आवृत्ती होती. 2024 मध्ये आलेल्या या आवृत्तीत कनेक्शन एन्क्रिप्टेड असणे मुळातच सक्तीचे धरलेले आहे, आणि आमच्या नव्या सर्व्हरवर अजून त्याचे स्वतःचेच सही केलेले सर्टिफिकेट होते. त्या एररची सुरुवातच मुळी ‘सर्व्हरशी कनेक्शन यशस्वीपणे प्रस्थापित झाले, पण नंतर लॉगिनच्या प्रक्रियेत अडथळा आला’ अशी असते. म्हणजे ती व्यक्ती सर्व्हरपर्यंत पोहोचली होती आणि आमचे ॲप्लिकेशन पोहोचत नव्हते. दोन्हींचा संबंध नव्हता. योग्य सर्टिफिकेट बसवण्याचे काम वहीत लिहून ठेवले आणि आम्ही मूळ प्रश्नाकडे वळलो.

ॲप्लिकेशनच्या लॉगमधली एरर आता मी शेवटपर्यंत वाचली. लोक पहिले वाक्य वाचून थांबतात, पण उपयोगाची माहिती शेवटच्या कंसात असते. तिथे ‘टीसीपी प्रोव्हायडर, एरर: 0’ असे होते. सर्व्हर सापडत नाही तेव्हा या पिढीच्या ॲप्लिकेशनमध्ये मी बहुधा ‘नेम्ड पाइप्स प्रोव्हायडर, एरर: 40’ पाहिलेले आहे, कारण क्लायंट आधी टीसीपीने प्रयत्न करतो, तो फसला की नेम्ड पाइप्स या दुसऱ्या प्रोटोकॉलकडे वळतो आणि तक्रार शेवटच्या प्रयत्नाची करतो. इथे तो टीसीपीपाशीच थांबला होता, जणू दुसरा प्रोटोकॉल वापरायचा नाही असे त्याला कोणी बजावले होते. हा काही पुरावा नव्हे, पण संशयाला जागा होती.

वेळेचाही एक घोळ होता. काही विनंत्या पंधरा सेकंद लटकून मग फसत होत्या, तर काही तत्काळ फसत होत्या, आणि त्यावरून ‘नेटवर्क कधी चालते, कधी नाही’ असा निष्कर्ष काढला जात होता. पंधरा सेकंद ही तिथल्या कनेक्शन टाइमआउटची ठरलेली मर्यादा. तत्काळ येणारी एरर मात्र नेटवर्कवर जातच नाही: एकदा कनेक्शन फसले की एडीओ डॉट नेटचा (ॲप्लिकेशनला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीचा) कनेक्शन पूल, म्हणजे कनेक्शन सांभाळणारा भाग, पुढचे पाच सेकंद नवा प्रयत्न न करता तीच एरर परत फेकतो, पुन्हा फसले तर ही मुदत दुप्पट करतो आणि असे करत एका मिनिटापर्यंत जातो. म्हणजे आमचे नेटवर्क लहरी नव्हते, सगळेच प्रयत्न एकाच कारणाने फसत होते.

मग ॲप्लिकेशनच्या सर्व्हरवर चालू जोडण्या दाखवणारे नेटस्टॅट चालवले आणि आयआयएसच्या (ॲप्लिकेशन चालवणाऱ्या वेब सर्व्हरच्या) वर्कर प्रोसेसच्या क्रमांकासमोरच्या ओळी पाहिल्या. दोन-तीन ओळी ‘सिन सेंट’ या अवस्थेत अडकलेल्या होत्या, म्हणजे कनेक्शनची पहिली हाक गेली आहे आणि समोरून ओ आलेली नाही. त्यांतला पत्ता वाचल्यावर सगळे गप्प झाले, कारण तो बंद करून ठेवलेल्या जुन्या यंत्राचा होता. डीएनएसचा कॅश रिकामा केला, यंत्रावरच नावे आणि पत्ते लिहून ठेवण्याची होस्ट्स फाइल उघडून पाहिली, कनेक्शन स्ट्रिंग पुन्हा वाचली. जुना आयपी कुठेच नव्हता.

मला पत्त्यापेक्षा त्यापुढचा पोर्ट अधिक बोलका वाटला. तो 1433 नव्हता, जुन्या सर्व्हरवरच्या नेम्ड (वेगळे नाव दिलेल्या) इन्स्टन्सला नेमून दिलेला वेगळाच पोर्ट होता. डीएनएसची साधी नोंद नावाचा आयपी सांगते, पोर्ट सांगत नाही. कनेक्शन स्ट्रिंगमध्येही पोर्ट लिहिलेला नव्हता. म्हणजे नाव, पत्ता आणि पोर्ट अशी तिन्ही माहिती एकत्र देणारे काहीतरी या यंत्रावरच होते, आणि मॅनेजमेंट स्टुडिओला ते दिसत नव्हते.

याची खात्री करण्यासाठी एक छोटा प्रयोग केला. विंडोजमध्ये पॉवरशेल दोन स्वरूपांत असते, एक 64 बिटचे आणि दुसरे 32 बिटचे, ज्याच्या नावापुढे ‘एक्स86’ लिहिलेले असते. दोन्ही खिडक्या शेजारी-शेजारी उघडल्या आणि दोन्हींत कनेक्शन उघडण्याच्या त्याच तीन ओळी, अक्षर न बदलता, चिकटवल्या. 32 बिटच्या खिडकीत कनेक्शन लगेच उघडले. 64 बिटची खिडकी पंधरा सेकंद तशीच थांबली आणि मग तिने तीच ‘टीसीपी प्रोव्हायडर’ची एरर दिली. ॲप्लिकेशन विभागाच्या प्रमुखांनी तो प्रयोग स्वतःच्या हाताने पुन्हा करून पाहिला आणि त्यानंतर दोष कोणाचा हा वाद संपला. ॲप्लिकेशन 64 बिटचे होते, आणि त्या यंत्रावरचा मॅनेजमेंट स्टुडिओ 18 व्या आवृत्तीचा, म्हणजे 32 बिटचा होता. (हे साधन 2025 च्या 21 व्या आवृत्तीत 64 बिटचे झाले, ते तिथे असते तर तेही ॲप्लिकेशनसारखेच फसले असते आणि आमची सकाळ वाचली असती.)

पुढचे सोपे होते. एसक्यूएल सर्व्हरच्या क्लायंटसाठी विंडोजमध्ये एलियस नावाची सोय आहे: एखाद्या नावासमोर प्रोटोकॉल, पत्ता आणि पोर्ट लिहून ठेवला की क्लायंट डीएनएसकडे जाण्याआधी तिथे पाहतो आणि ते सापडले तर डीएनएसला विचारतच नाही. ही नोंद विंडोजच्या सेटिंग साठवणाऱ्या रजिस्ट्रीत ‘कनेक्टटू’ नावाच्या की-खाली राहते, आणि 32 व 64 बिटच्या प्रोग्रॅमसाठी तिच्या दोन स्वतंत्र जागा आहेत. ती पाहण्याचे ‘क्लायकॉन्फिग’ नावाचे छोटे साधनही दोन ठिकाणी आहे: 64 बिटचे ‘सिस्टिम32’ या फोल्डरमध्ये आणि 32 बिटचे ‘सिसवॉव64’मध्ये. आकडे अगदी उलटे आहेत, आणि त्यामुळे बरोबर फोल्डर उघडल्याच्या समजुतीत लोक हमखास चुकीचे उघडतात. 64 बिटच्या बाजूला आमच्या सर्व्हरचे नाव होते आणि त्यासमोर टीसीपीची खूण असलेले ‘डीबीएमएसएसओसीएन’ हे अक्षरसमूह, जुना आयपी आणि जुना पोर्ट एका ओळीत स्वल्पविरामांनी मांडलेले होते. 32 बिटची बाजू रिकामी होती.

ती नोंद ज्या कोणी केली त्याला दोष देण्याचे कारण नाही, उलट ती विचारपूर्वक केलेली होती. नेम्ड इन्स्टन्सचा पोर्ट क्लायंटला माहीत नसतो. तो विचारण्यासाठी क्लायंट यूडीपी 1434 या पोर्टवर सर्व्हरच्या ब्राउझर सर्व्हिसला हाक मारतो. याच पोर्टवरून जानेवारी 2003 मध्ये ‘स्लॅमर’ हा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) पसरला होता. अवघ्या 376 बाइट्सच्या एका पॅकेटमध्ये मावणारा तो प्रोग्रॅम काही मिनिटांत जगभर पोहोचला, आणि ज्या दोषाचा त्याने फायदा घेतला त्यावरचा पॅच सहा महिने आधीपासून उपलब्ध होता. तेव्हापासून अनेक नेटवर्कमध्ये 1434 सरसकट बंद ठेवला जातो, आमच्याकडेही तो बंद आहे. दुसरा मार्ग म्हणजे इन्स्टन्सला ठरावीक पोर्ट देऊन क्लायंटच्या यंत्रावर एलियस करणे. नवा सर्व्हर 1433 वरचा डिफॉल्ट इन्स्टन्स असल्याने त्याला यातले काहीच लागत नव्हते.

एलियस काढला, ॲप्लिकेशन पूल रिसायकल केला, म्हणजे ॲप्लिकेशनची प्रोसेस नव्याने सुरू केली, आणि एरर बदलली. आता आली 4060, म्हणजे लॉगिनने मागितलेला डेटाबेस उघडता येत नाही, आणि पाठोपाठ 18456, म्हणजे लॉगिन फसले. खोलीतल्या निम्म्या लोकांना वाटले की परिस्थिती आणखी बिघडली. मला हायसे वाटले, कारण एररलॉगमध्ये प्रथमच ॲप्लिकेशनच्या लॉगिनची ओळ उमटली होती. 18456 या एररचे खरे कारण क्लायंटला मुद्दाम सांगितले जात नाही. त्याला नेहमी ‘स्टेट 1’ एवढेच दिसते. सर्व्हरवरच्या नोंदीत खरा आकडा असतो. चुकीच्या पासवर्डसाठी तिथे 8 येतो. आमच्याकडे 38 होता आणि शेजारी कारणही लिहिलेले होते, की नाव घेऊन मागितलेला डेटाबेस उघडता आला नाही.

डेटाबेसमधला युजर आणि सर्व्हरवरचा लॉगिन यांची गाठ नावाने नव्हे, एसआयडी या अंतर्गत ओळखक्रमांकाने बांधलेली असते. नव्या सर्व्हरवर ॲप्लिकेशनचा लॉगिन हाताने नव्याने तयार केला गेला होता, त्यामुळे त्याचा एसआयडी नवा होता, आणि बॅकअपमधून आलेला युजर जुन्या एसआयडीकडे बोट दाखवत अनाथ पडला होता. सकाळी मॅनेजमेंट स्टुडिओत हाच लॉगिन चालला होता, पण तिथे डेटाबेसचे नाव दिलेले नसल्याने तो मास्टर या डिफॉल्ट डेटाबेसवर जाऊन उभा राहिला होता. आपला डेटाबेस त्याने उघडून पाहिलाच नव्हता. ‘ऑल्टर युजर’ची एक ओळ चालवून युजरला नव्या लॉगिनशी जोडले आणि ॲप्लिकेशन उघडले.

दुपारी सर्व ॲप्लिकेशन सर्व्हरवर दोन्ही बाजूंची ‘कनेक्टटू’ की वाचणारी एक स्क्रिप्ट चालवली. त्यात आणखी एक एलियस सापडला, या वेळी 32 बिटच्या बाजूला, आणि ज्या यंत्रावर तो होता तिथे 64 बिटच्या साधनांनी घेतलेल्या चाचण्या निर्दोष निघाल्या होत्या. तिथले रात्रीचे अहवाल तयार करणारे इंटिग्रेशन सर्व्हिसेसचे (एसक्यूएल सर्व्हरच्या डेटा हलवण्याच्या साधनाचे) पॅकेज एका जुन्या ड्रायव्हरपायी 32 बिट मोडमध्ये चालते, त्यामुळे त्या रात्री ते अडकलेच असते. ती नोंद काढली, पॅकेज हाताने एकदा चालवून अहवाल आल्याचे पाहिले आणि जुने यंत्र मोडीत काढण्याच्या अर्जावर सही केली.