एक्सव्ही६ रस्टमध्ये: प्रोसेस टेबलचं लॉकिंग

एक्सव्ही६ हे सी भाषेतलं छोटं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) रस्ट भाषेत आणायचं माझं काम प्रोसेस टेबलपर्यंत, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या (प्रोसेसच्या) यादीपर्यंत आलंय. यूआर्ट, पेज ॲलोकेटर, पेज टेबल वगैरे मागेच उरकलं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. लॉकिंगवर, म्हणजे एकाच डेटाला दोन कोअरनी एकदम हात लावू नये म्हणून घ्यायच्या कुलपांवर, मात्र लिहायलाच हवं.

एमआयटीचं हे शिकवण्यासाठीचं कर्नल ज्यांनी उघडून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: सीमधल्या प्रोसेसच्या स्ट्रक्टमध्ये एक स्पिनलॉक (मिळेपर्यंत कोअर जागच्या जागी फिरत वाट पाहतो असं लॉक) आहे. त्याखाली कॉमेंट, की पुढची फील्ड वापरताना हे लॉक हातात हवं. मग स्टेट, चॅनल, किल्ड, एक्झिट स्टेटस, पीआयडी. पुढे दुसरी कॉमेंट, की यासाठी वेट-लॉक हे सगळ्या प्रोसेसचं सामाईक लॉक हवं. तिच्याखाली एकटा पेरेंट पॉइंटर. त्यानंतरचं सगळं प्रोसेसचं खासगी. म्हणजे सगळा करार कॉमेंटमध्ये. लॉक न घेता स्टेट बदललं तरी सीचा कंपाइलर जीसीसी हूं की चूं करत नाही.

पहिला गट सोपा. पाचही फील्डचा वेगळा स्ट्रक्ट करून तो स्पिनलॉकच्या पोटात घातला. लॉक घेतलं की गार्ड (लॉक हातात असल्याची खूण म्हणून मिळणारी व्हॅल्यू) मिळतो, डेटा फक्त गार्डमधूनच दिसतो आणि गार्ड ड्रॉप झाला की लॉक सुटतं. स्टँडर्ड लायब्ररी नाही, त्यामुळे स्पिनलॉक हातानेच लिहिलं: अनसेफसेल (आतला डेटा शेअर्ड रेफरन्समधूनही बदलू देणारा टाइप), ॲटॉमिक बूल, आणि लॉक घेताना त्या कोअरचे इंटरप्ट बंद. नाहीतर लॉक हातात असताना टायमरचा इंटरप्ट यायचा, त्याचा हँडलर तेच लॉक मागायचा आणि कोअर कायमचा फिरत बसायचा. स्वतःचं लिहिणाऱ्यांनी एक बघा: लॉक सिंक (अनेक थ्रेडनी एकदम वापरता येण्याजोगं) व्हायला आतला डेटा सेंड (दुसऱ्या थ्रेडकडे सोपवता येण्याजोगा) असला की पुरतं, पण गार्ड सिंक व्हायला डेटा सिंकच असावा लागतो. स्टँडर्ड लायब्ररीच्या म्युटेक्सगार्डमध्येही ही अट २०१७ पर्यंत राहून गेली होती.

पेरेंटचं प्रकरण वेगळं. टेबलात ६४ प्रोसेस, प्रत्येकीत पेरेंट, आणि सगळ्यांना मिळून लॉक एकच, तेही बाहेर. सगळे पेरेंट एका ॲरेत काढून तो ॲरे वेट-लॉकमध्ये ठेवता येतो. चालतं, पण प्रोसेसची माहिती दोन ठिकाणी विखुरते, मला ते पटलं नाही. लिनक्स कर्नलच्या रस्ट भागात यासाठी लॉक्डबाय नावाचा टाइप आहे. फील्ड त्यात गुंडाळायचं. वाचायचं तर लॉकच्या आतल्या डेटाचा रेफरन्स दाखवायचा, बदलायचं तर म्यूटेबल रेफरन्स. रेफरन्स दुसऱ्याच लॉकचा निघाला तर पत्ता जुळत नाही आणि पॅनिक होतं. माझ्याकडे वेट-लॉक एकच, म्हणून त्याला स्वतंत्र टाइप दिला आणि कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट ठेवला. पत्ता तपासायची गरजच उरली नाही, चुकीचा गार्ड कंपाइलच होत नाही. एका वेळी एकाच प्रोसेसचा पेरेंट बदलता येतो, पण अनाथ प्रोसेस इनिटकडे (पहिल्या प्रोसेसकडे) सोपवणारा लूप तरी दुसरं काय करतो?

खरी गंमत शेड्युलरमध्ये, म्हणजे कोअरवर पुढे कोणती प्रोसेस चालवायची ते ठरवणाऱ्या कोडमध्ये, आहे. शेड्युलर प्रोसेसचं लॉक घेतो, कॉन्टेक्स्ट स्विच करतो (प्रोसेसच्या स्टॅकवर उडी मारतो), आणि लॉक सोडते ती प्रोसेस. परतीच्या वेळी उलट: यील्डमध्ये (कोअर सोडून देणाऱ्या फंक्शनमध्ये) प्रोसेस लॉक घेते, सोडतो शेड्युलर. वरवर पाहिलं तर दोन्ही फंक्शनमध्ये घेणं-सोडणं जोडीनं दिसतं, म्हणून साधा गार्ड वापरलात तर रस्ट मुकाट्याने कंपाइल करतं. प्रत्यक्षात प्रोसेस चालू असते, लॉक कधीच सुटलेलं असतं, आणि शेड्युलरच्या स्टॅकवरचा गार्ड मात्र अजून म्हणतो की लॉक माझ्याकडे आहे. गार्डमधून काढलेला म्यूटेबल रेफरन्स स्विचच्या पलीकडे टिकला, तर स्टेट दरम्यान बदललेलीच नाही असं धरून ऑप्टिमायझर जुनी किंमत वापरू शकतो.

म्हणून स्विचला घेऊन जाणारं फंक्शन आता गार्ड बाय व्हॅल्यू घेतं, आत फर्गेट करतं (ड्रॉप न करता टाकून देतं, म्हणजे लॉक सुटत नाही) आणि परत आल्यावर अनसेफ ब्लॉकमध्ये (जिथली हमी कंपाइलर नाही, लिहिणारा देतो) नवा गार्ड बनवून देतं. गार्ड मूव्ह झाला की त्यावरचे रेफरन्स संपलेले असावे लागतात, ते बॉरो चेकर (रेफरन्स तपासणारा कंपाइलरचा भाग) बघतो. गार्ड सेंड नाही, तरी प्रोसेस एका कोअरवर झोपून दुसऱ्यावर उठू शकते. असेंब्लीला सेंडचं काय देणंघेणं! तिथे इंटरप्ट आधी चालू होते की नाही हे मूळ कोडप्रमाणेच जपून पुन्हा बसवावं लागतं. पहिल्यांदाच चालणाऱ्या प्रोसेसच्या स्टॅकवर गार्ड नसतोच, तो फोर्करेटमध्ये (नवी प्रोसेस जिथून सुरू होते त्या फंक्शनमध्ये) हवेतून काढावा लागतो. लॉकिंगमधला स्पिनलॉकबाहेरचा अनसेफ एवढ्या दोन जागीच उरलाय, आणि दोन्हींवर सेफ्टी कॉमेंट आहे.

आता स्लीप, म्हणजे प्रोसेसला झोपवणारं फंक्शन. तिला बाहेरचं लॉक धरून बोलावतात, ती आधी प्रोसेसचं लॉक घेते, मगच बाहेरचं सोडते, नाहीतर वेकअप मध्येच निसटतो. तिथेही गार्ड बाय व्हॅल्यू देऊन परत घ्यायचा विचार आहे. अडचण एवढीच, की वेटमध्ये (मूल संपायची वाट बघणाऱ्या फंक्शनमध्ये) हे बाहेरचं लॉक म्हणजे वेट-लॉक, आणि त्याचा गार्ड वेगळ्या टाइपचा, म्हणून स्लीप जेनेरिक करावी लागेल.