टीटीओचा सेट भरण्याआधी

गाडीचे पैसे मिळाले, किल्ली दिली आणि स्टॅम्पपेपरवर दोघांच्या सह्या झाल्या की व्यवहार आटोपला, असे आपल्याकडे सर्रास धरून चालतात. परिवहन खात्याच्या लेखी मात्र तोवर काहीच घडलेले नसते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे, गाडी त्याच राज्यात नोंदलेली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत हस्तांतरणाची माहिती नोंदणी प्राधिकाऱ्याला द्यायची असते. ही माहिती कोणत्या फॉर्मवर द्यायची, हे मालकी एकाकडून दुसऱ्याकडे कशी गेली यावर ठरते. नात्यातली किंवा सोसायटीतली मंडळी फॉर्म भरून घ्यायला माझ्याकडे येतात तेव्हा मी आधी दोनच गोष्टी विचारतो: आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, ज्यांचे नाव आहे ते हयात आहेत का, आणि त्या आरसीवर एखाद्या बँकेच्या कर्जाचा बोजा आहे का. एवढे कळले की निम्म्याहून अधिक कागद आपोआप ठरतात.

मालक हयात असेल आणि स्वखुशीने गाडी देत असेल तर फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. एजंट ज्याला टीटीओचा (ट्रान्सफर ऑफ ओनरशिप, म्हणजे मालकी हस्तांतरणाचा) सेट म्हणतात तो मुख्यतः हाच. फॉर्म २९ ही विकणाऱ्याची सूचना आहे. अमुक तारखेला अमुक व्यक्तीला गाडी विकून ताब्यात दिली, आरसी आणि विम्याचे कागद तिच्याकडे सोपवले, असे तो त्यात लिहून देतो. फॉर्म ३० वर देणारा आणि घेणारा अशा दोघांचेही भाग असतात आणि सह्याही दोघांच्याच लागतात. गाडी विकलेली नसून वडिलांनी मुलाला किंवा बहिणीने भावाला नुसतीच दिलेली असली, तरी फॉर्म हेच. ‘बक्षीसपत्र करावे लागेल का’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, कारण जमीनजुमल्याच्या व्यवहारांनी आपल्या डोक्यात तशी सवय बसवलेली आहे. गाडी ही जंगम मालमत्ता असल्याने तिच्यासाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाण्याची गरज नसते. स्टॅम्पपेपरवरचा विक्री करारनामा जरूर करावा, त्यात गाडी ताब्यात दिल्याची तारीखच नव्हे तर वेळही लिहावी, पण तो पुरावा म्हणून आपल्याजवळ ठेवायचा कागद आहे. त्याने आरसीवरचे नाव बदलत नाही.

या फॉर्मांवर चेसिस नंबरचा प्रिंट चिकटवण्याची पद्धत अजून टिकून आहे आणि अर्ज परत येण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. मोटारसायकलवर हा नंबर बहुधा हँडलच्या खालच्या मानेवर उजव्या बाजूला ठोकलेला असतो. फडक्याला थोडे रॉकेल लावून तेथील ग्रीस आणि धूळ पुसावी, मऊ शिशाची पेन्सिल अंकांवरून आडवी फिरवावी, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून बसवावी आणि एका दमात उचलावी, म्हणजे अक्षरे पट्टीवर स्वच्छ उमटतात. नंतर तोच नंबर हाताने लिहिताना घोटाळा होतो तो शून्य आणि इंग्रजी ओ या अक्षरात. अलीकडच्या गाड्यांचा चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे मुळी वापरलीच जात नाहीत, त्यामुळे तेथे जे गोल दिसते ते शून्यच समजावे.

मालक वारलेला असेल तर २९ आणि ३० बाजूला ठेवावेत आणि फॉर्म ३१ घ्यावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५६ याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. मृत्यूनंतर तीन महिन्यांपर्यंत वारसाला ती गाडी जणू आपल्याच नावावर आहे अशी वापरता येते, परंतु त्यासाठी मृत्यूची बातमी आणि गाडी वापरण्याचा आपला इरादा त्याने ३० दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवलेला असावा लागतो, आणि त्याच तीन महिन्यांत फॉर्म ३१ वर नावबदलाचा अर्जही करावा लागतो. घरात दुःखाचे वातावरण असते, बँकेची, पेन्शनची आणि सातबाऱ्याची कामे पुढ्यात असतात, आणि अंगणातल्या स्कूटरकडे कोणाचे लक्ष जात नाही, हे समजण्यासारखे आहे. तरीही निदान ३० दिवसांतले ते साधे पत्र देऊन त्याची पोच घ्यावी, कारण त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि कागदाचे एक पान यापलीकडे फारसे काही लागत नाही.

अशा वेळी कोणीतरी जाणकार म्हणवणारा हमखास सल्ला देतो की, ‘कशाला वारसांच्या भानगडीत पडता, अण्णांची सही मारा आणि साधा टीटीओ करून टाका.’ हा सल्ला ऐकू नये. मृत व्यक्तीच्या नावाने केलेली सही ही सरळसरळ बनावट सही असते, आणि पुढे एखाद्या वारसाने तक्रार केली किंवा मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख आणि फॉर्मवरची तारीख कोणी समोरासमोर ठेवली, तर उत्तर देण्याची पाळी अर्जदारावरच येते. सल्लागार तोवर दिसेनासा झालेला असतो. खरे तर वारसांची भानगड वाटते तेवढी मोठी नसते. मृत्यूचा दाखला, अर्जदाराचे नाते दाखवणारा कागद आणि गाडी एकाच्या नावावर करण्यास इतर वारसांची हरकत नाही असे त्यांचे प्रतिज्ञापत्र, यांवर काम होते. बहीण परगावी किंवा परदेशी असली तर तिचे प्रतिज्ञापत्र मिळवण्यातच वेळ जातो, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. २०२१ पासून आरसीवर नामनिर्देशन करण्याची सोयही झाली आहे, आणि नवी गाडी घेतानाच नव्हे तर नंतरही नॉमिनीचे नाव घालता येते. आईवडिलांच्या नावावर गाडी असलेल्या प्रत्येक घराने हे काम या महिन्यातच उरकावे असे मला वाटते.

आता बोजाकडे येऊ. कर्जाचा शेवटचा हप्ता भरला म्हणजे आरसीवरचे बँकेचे नाव गेले, ही समजूत इतकी पक्की आहे की कर्ज फिटून कैक वर्षे झालेल्या गाड्यांवर अजूनही एचपी (हायपोथिकेशन, म्हणजे हाच बोजा) चढलेलीच सापडते. ती उतरवण्यासाठी फॉर्म ३५ लागतो. त्यावर मालकाची आणि बँकेची, अशा दोन्ही सह्या असतात आणि बँकेचा शिक्काही लागतो. सोबतच्या ना-हरकत पत्रावर बऱ्याचदा मुदत छापलेली असते, ती उलटली तर पुन्हा शाखेत जावे लागते. घेणारा स्वतः कर्ज काढून गाडी घेत असेल तर त्याच्या बँकेचा बोजा चढवण्यासाठी फॉर्म ३४ वेगळा. आकडे शेजारशेजारचे असल्याने ३४ च्या जागी ३५ आणि ३५ च्या जागी ३४ भरून आणलेले मी पाहिले आहेत; चढवायला ३४ आणि उतरवायला ३५. बँकेने जप्त केलेली गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. फॉर्म ३२ हा सरकारने किंवा सरकारच्या वतीने झालेल्या जाहीर लिलावात घेतलेल्या गाडीसाठी आहे. बँकेच्या जप्तीच्या गाडीला तो चालत नाही. तेथे आरसी बँकेच्या नावावर करून घेण्याचा फॉर्म ३६ असतो.

मूळ आरसीच हरवली असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद करून फॉर्म २६ वर दुय्यम प्रत घ्यावी आणि मगच पुढचे पाहावे.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि सिंधुदुर्गकडच्या वाचकांना परराज्याच्या पासिंगचा प्रश्न नेहमीचाच आहे. बेळगावात किंवा म्हापशात गाडी स्वस्त मिळते, पण कागद वाढतात. मूळ कार्यालयाकडून फॉर्म २८ वर ना-हरकत प्रमाणपत्र आणावे लागते, आणि गाडी कोणत्या कार्यालयाकडे जाणार हे त्यात लिहिलेले असते. घेणारा राहतो मिरजेत आणि विकणाऱ्याने उरकून टाकायचे म्हणून कोल्हापूरचे नाव घालून प्रमाणपत्र काढले, तर ते सुधारून आणण्यासाठी पुन्हा सीमा ओलांडावी लागते. इकडे आल्यावर २९ आणि ३० सोबत नव्या क्रमांकासाठी फॉर्म २७ भरायचा, आणि गाडीच्या वयानुसार येथील रस्ता कर भरायचा. तिकडे भरलेल्या आजीवन कराचा उरलेला भाग परत मागण्याचा अर्ज तिकडेच करायचा असतो. स्वस्तात मिळाली म्हणताना हा कर आधी हिशेबात धरावा. नोकरीनिमित्त गाडी घेऊन आलेल्या आणि मालकी तीच राहिलेल्या माणसाला २९ आणि ३० लागत नाहीत. त्याची गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ येथे राहिली तर क्रमांक बदलून घेणे मात्र भाग आहे. त्याच राज्यात फक्त घर बदलले असेल तर फॉर्म ३३ पुरतो.

सर्वांत जास्त धोका आहे तो कोऱ्या फॉर्मवरच्या सह्यांत. जुन्या गाड्यांचा व्यापारी रोख पैसे देतो आणि २९ व ३० च्या कोऱ्या प्रतींवर सह्या घेतो. घेणाऱ्याचे नाव आणि तारीख ही दोन्ही रकाने तो रिकामी ठेवतो, म्हणजे मधले एकही हस्तांतरण नोंदवावे लागत नाही. दरम्यान गाडी तीन जणांच्या हातून जाते आणि आरसीवर नाव आपलेच राहते. अशाच प्रकारच्या एका प्रकरणात, अपघातापूर्वी गाडी अनेकांच्या हातून गेलेली असतानाही, नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावरच, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले. ई-चलनाचे संदेश येत राहतात ते वेगळेच. यावर उपाय म्हणून १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत व्यापाऱ्यांची व्यवस्था सुरू झाली आहे: व्यापाऱ्याने नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घेतलेले असावे, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी वर द्यावी, म्हणजे तेव्हापासून गाडीची जबाबदारी त्याची होते. व्यापाऱ्याकडे हे अधिकारपत्र आहे का, एवढे विचारले तरी समोरच्याचा चेहरा बरेच काही सांगतो. अधिकारपत्र नसेल तर खरा गिऱ्हाईक समोर आल्याशिवाय सही करू नये, मग भाव दोन पैशांनी कमी मिळाला तरी हरकत नाही.

अर्ज आता परिवहनच्या संकेतस्थळावर भरले जातात, आणि ओटीपी येतो तो गाडीच्या नोंदीत असलेल्या मोबाइलवर. जुना क्रमांक बंद झाला असेल तर आधी तो बदलून घ्यावा, आणि थकलेली चलनेही भरून टाकावीत. विमा गाडी घेणाऱ्याच्या नावे करण्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवावे लागते. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो त्याच्या नव्या गाडीला मिळू शकतो, म्हणून त्याचे पत्र कंपनीकडून मागून घ्यावे. आणि काचेवरचा फास्टॅग त्याच दिवशी आपल्या खात्यातून बंद करावा, नाहीतर गाडी नव्या मालकाची आणि खालापूरच्या नाक्यावर टोल आपल्या खिशातून, असे चालू राहते.