काळ्या बिअरची वही: चारपैकी चार आले तिथेच शंका आली

मंडळी, मागच्या वेळी कबूल केल्याप्रमाणे त्रिकोणी चाचणी केली: दोन बेल्जियन बिअरमधला फरक मला न बघता खरंच कळतो का, ते तपासायचं. निकाल आधीच सांगून टाकतो: नापास. पण कसा नापास झालो ते ऐकण्यासारखं आहे.

मेव्हणे नोव्हेंबरात ब्रसेल्सहून आले. माणशी 2 लिटर मद्य करमुक्त आणता येते, 330 मिलीच्या 6 बाटल्या म्हणजे 1,980 मिली. (मेव्हणे हिशेबनीस आहेत, 20 मिलीही वाया गेलेली त्यांना खपत नाही, पण इथे इलाज नव्हता.) तीन रोशफोर 8, तीन रोशफोर 10 (रोशफोर म्हणजे बेल्जियममधल्या एका मठाची गडद बिअर). सांगलीत ‘स्ट्राँग’ म्हटलं की 650 मिलीची थंडगार बाटली डोळ्यांपुढे येते, आणि आपल्या खाद्यमानकांत बिअरची वरची हद्दच 8 टक्के आहे. या दोघी 9.2 आणि 11.3. नावातला आकडा अल्कोहोलचा नाही, हे मला दोन वर्षं माहीत नव्हतं. आंबवण्याआधी रस किती दाट होता, त्याच्या जुन्या बेल्जियन मोजमापातून तो आलाय.

चाचणीआधी महिनाभर नाकाची तालीम केली. जुन्या पानांवर मी सगळीकडे ‘चॉकलेट, कॉफी, टॉफी’ लिहून ठेवलंय, स्टाउट (भाजलेल्या धान्याची काळी बिअर) असो नाहीतर बेल्जियन. खरं सांगायचं तर ते लेबलवरून उतरवलेलं. म्हणून साध्या माइल्ड लागरचे (आपल्याकडची नेहमीची फिकट बिअर) 100-100 मिलीचे ग्लास भरले आणि एकेकात एकेक जिन्नस अर्धा तास भिजत घातला, वर बशी झाकून: तासगावचा काळा बेदाणा, पिवळा बेदाणा, खारीक, काकवी, लवंग, पिकलेलं केळं. काळा आणि पिवळा बेदाणा इतके वेगळे निघतील असं वाटलं नव्हतं. पिवळ्यात आंबूसपणा पुढे येतो, काळ्यात जवळजवळ मनुकांच्या पाण्यासारखा जडपणा. आता ‘सुक्या फळांचा वास’ असं मोघम लिहायची सोय राहिली नाही.

भाजल्याचा वास ओळखायला जव भाजायचा प्रयोग मात्र फसला. तव्यावर बाहेरून कोळसा, आतून कच्चे, घरभर धूर. डॅनियल व्हीलरने 1817 मध्ये इंग्लंडमध्ये फिरत्या ढोलात माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) भाजायचं पेटंट घेतलं, त्यामागचं कारण तव्यासमोर उभं राहून खोकताना कळलं. त्यानंतरच स्टाउटला आणि तिच्याच घराण्यातल्या पोर्टरला काळा रंग मूठभर माल्टमध्ये आणता येऊ लागला. रोशफोरचा गडदपणा त्या घराण्यातला नाहीच, तो बराचसा शिजवून गडद केलेल्या साखरेचा. तिथे कॉफी शोधणारा मी शहाणाच म्हणायचा.

आता चाचणी. तीन ग्लास, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास ओळखायचा. तीन रात्री, रोज चार फेऱ्या, दर ग्लासात 30 मिली. म्हणजे रात्रीला 360 मिली, उरलेली मित्राने संपवायची. ओतायचं काम बायकोने घेतलं. ती पीत नाही, त्यामुळे पंच म्हणून निर्दोष. ग्लास कटिंग चहाचे, सगळे एकाच मापाचे. 12 पैकी 8 बरोबर आले तर ते नशीब नव्हे असं धरायचं. नुसत्या अंदाजाने सरासरी 4 येतातच.

पहिल्या रात्री मित्र भडंग घेऊन आला. लसूण, तिखट, शेंगदाणे, सगळं रीतसर. नको म्हणेपर्यंत मी दोन मुठी खाल्ल्या होत्या. आणि तरी चारपैकी चार बरोबर! मित्राने टाळी दिली. बायको म्हणाली, “अहो, तोंडाला लसणाचा वास येतोय नि तुम्हाला बेल्जियम कळलं होय?”

बरोबर होतं तिचं. ट्यूबलाइटसमोर ग्लास धरले तेव्हा उलगडा झाला. दोन्ही बिअर बाटलीतच पुन्हा आंबतात, तळाशी यीस्टचा गाळ असतो. 8 ची बाटली उभी होती, 10 ची मी फ्रिजमध्ये आडवी कोंबलेली. एक नितळ, एक गढूळ. मी जिभेने नव्हे, डोळ्यांनी ओळखत होतो, आणि ते मलाही समजलं नव्हतं. ती रात्र वहीत लाल शाईने खोडली.

उरलेल्या चार बाटल्या आठवडाभर उभ्या ठेवल्या. ट्यूब बंद, झिरोचा बल्ब, वर डोळ्यांना रुमाल. भडंगाऐवजी मसाला लागण्याआधीचे कोरडे चिरमुरे आणि पाणी. दुसऱ्या रात्री बिअर फ्रिजमधून थेट, साधारण 5 अंशांवर. चारपैकी एक. सगळे ग्लास गोड आणि फसफसणारे, त्यापलीकडे काही नाही. तिसऱ्या रात्री बाटल्या आधी बाहेर काढल्या आणि थर्मामीटर 13 वर येईपर्यंत थांबलो. डिसेंबर होता म्हणून पाऊण तास मिळाला. मे महिन्यात सांगलीच्या विश्रामबागेत हे दहा मिनिटांत उरकलं असतं. या वेळी चारपैकी तीन. 8 मध्ये पिवळा बेदाणा आणि शेवटाला मिरीसारखा कोरडेपणा. 10 मध्ये काकवी, खारीक, आणि गिळल्यावर छातीत उतरणारी ऊब. चटका नाही, ऊब. हा फरक थंडपणात पूर्ण झाकला गेला होता.

आठपैकी चार. आठात किमान सहा लागतात, तेव्हा नापासच. आणि चारपैकी किमान तीन हे नुसत्या नशिबानेही नऊ वेळांत एकदा घडतं, त्यामुळे त्याचा फार गाजावाजा करत नाही.

बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या 50 गुणांच्या तक्त्यावर (वास 12, रूप 3, चव 20, तोंडातला भरीवपणा 5, एकूण मत 10) मागच्या वर्षी लेबल बघत मी रोशफोर 10 ला 46 दिले होते. रुमाल बांधून 41 झाले. कमी झालेले पाच बहुतेक ‘एकूण मत’ आणि चवीतले आहेत, म्हणजे नावाला दिलेले. वाईट एवढंच वाटलं की 8 ला 42 पडले.

मेव्हणे मार्चमध्ये पुन्हा जाणार आहेत. त्या वेळी बाराही फेऱ्या 13 अंशांवर. बाटल्या आल्या की उभ्याच, आणि फ्रिजच्या दारात नाही. दुधासाठी दिवसातून वीसदा दार उघडतं, गाळ बसायचा कसा?